रोगाची वार्ता आणि गावाची समजूत
(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

१. पाठाचा हेतू

पिकांवरील व जनावरांवरील रोगांची लक्षणे कोणती, लस केव्हा टोचावी, औषध किती प्रमाणात द्यावे, यांविषयीची माहिती शेतकऱ्यांना वेळोवेळी दिली जाते. ती आवश्यकच आहे. परंतु पुष्कळदा रोग गावात येण्यापूर्वी त्याची वार्ता गावात येते. ती वर्तमानपत्रातून येते, आकाशवाणीवरून येते, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून येते आणि आता तर हातातील मोबाइलवरून घटकेघटकेस येते. या वार्तेवरून लोक आपली समजूत बनवितात आणि त्या समजुतीप्रमाणे खरेदी-विक्री, खाणेपिणे व औषधोपचार यांचे निर्णय घेतात. वार्ता अपुरी असली तर निर्णय चुकतो. शेतकऱ्याच्या बाबतीत अशा चुकलेल्या निर्णयाची किंमत रोख पैशांत मोजावी लागते. क्वचित ती प्राणानेही मोजावी लागते.

यास्तव बातमी ही लोकांची समजूत कशी घडविते, ती कोठे उपकारक ठरते व कोठे अपायकारक, आणि बातमी व गाव यांच्या मध्ये उभ्या असलेल्या कार्यकर्त्याचे काम कोणते, याचा विचार या पाठात केला आहे. उदाहरणे मुख्यतः कुक्कुटपालनाच्या धंद्यातील घेतली आहेत. रोगाच्या बातमीचा परिणाम या धंद्यात एका आठवड्याच्या आत दिसून येतो, म्हणून ती अभ्यासास सोयीची आहेत.

२. नवापूरचा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गुजरातच्या सीमेवरील गाव कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध आहे. २००६ सालच्या आरंभी तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. प्रथम ही मरतूक राणीखेत रोगाची असावी असे समजले गेले. राणीखेत हा आपल्याकडील जुना रोग असल्याने तसे वाटणे अस्वाभाविक नव्हते. पुढे नमुने भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी हा एच-५ एन-१ जातीचा बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातील कोंबड्यांमध्ये हा रोग आढळल्याची ही पहिलीच नोंद होय.

त्या दिवसापासून पुढील काही आठवडे देशभर या रोगाच्या बातम्यांनी रकाने भरून गेले. पांढरा पोशाख, मुखपट्टी व चष्मा घातलेले कर्मचारी कोंबड्या पोत्यांत भरून खड्ड्यात पुरत आहेत, असे चित्र घरोघर दिसले. रेल्वेने आपल्या जेवणातून कोंबडीचे पदार्थ काढून टाकले. रोगाचे केंद्र नवापूर परिसरात असूनही शेकडो मैल दूर असलेल्या शहरांतील ग्राहकाने कोंबडी व अंडी घेण्याचे थांबविले. रोगाच्या केंद्राभोवतालच्या काही लाख कोंबड्या मारण्यात आल्या. हा उपाय योग्यच होता, कारण या रोगावर कोंबड्यांसाठी गुणकारी उपचार नाही आणि त्याचा फैलाव थांबविण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. परंतु जेथे रोग नव्हताच अशा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचेही मोठे नुकसान झाले. ते रोगाने झाले नाही. रोगाच्या समजुतीने झाले.

या काळात काही माणसांना संशयित म्हणून रुग्णालयात वेगळे ठेवण्यात आले होते. नवापूरच्या त्या साथीत एकाही माणसाला या रोगाची बाधा झाल्याचे सिद्ध झाले नाही. येथे बातमीचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. संशय ही नवी गोष्ट असते, म्हणून ती ठळकपणे सांगितली जाते. संशय खोटा ठरला ही गोष्ट येईपर्यंत विषय जुना झालेला असतो, म्हणून ती कोपऱ्यात जाते. वाचकाच्या मनात मात्र पहिलीच गोष्ट घर करून बसते.

याचा अर्थ धोका मुळीच नव्हता असा मात्र नाही. २००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना एच-५ एन-१ ची बाधा झाल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास दगावली. भारतातही या रोगाने माणूस दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ मध्ये दिल्ली येथे झाली. म्हणजे रोग माणसास क्वचित होतो, परंतु झाल्यास तो अतिशय गंभीर असतो. बाधा झालेली बहुतेक माणसे आजारी वा मेलेल्या पक्ष्यांच्या निकट संपर्कात आलेली होती. नीट शिजविलेल्या मांसापासून भय नाही, कारण मांसाच्या सर्व भागांत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की हा विषाणू नाश पावतो. तेव्हा खरी समजूत अशी की, शिजविलेले खाणाऱ्यास भय नाही. आजारी पक्षी हाताळणाऱ्यास आहे. बातम्यांच्या गर्दीत नेमके उलटे घडले. शहरातील ग्राहक घाबरला आणि मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलणारा मजूर मात्र बेफिकीर राहिला.

३. रोग नसताना बसलेला फटका

नवापुरास निदान रोग तरी होता. २०२० सालच्या फेब्रुवारीत जे घडले, त्यात कोंबड्यांना काहीच झालेले नव्हते. चीनमधील करोना विषाणूच्या बातम्या येत असता, हा रोग कोंबडीच्या मांसातून पसरतो असा मजकूर मोबाइलवरून गावोगाव फिरू लागला. सोबत कसल्यातरी आजारी कोंबड्यांची चित्रे जोडलेली असत. या म्हणण्यास कोणताही आधार नव्हता. केंद्र व राज्य शासनाच्या पशुसंवर्धन खात्यांनी तसा खुलासाही केला. परंतु खुलासा पोहोचण्यापूर्वी बाजार कोसळला होता.

त्या वेळी मांसल कोंबडीचा उत्पादनखर्च किलोमागे सुमारे ७० ते ७५ रुपये येत होता. शेडवरील विक्रीचा दर मात्र १० ते २० रुपयांवर उतरला. कोंबडी हा साठवून ठेवण्याचा माल नव्हे. ठरलेल्या वजनाची झाल्यावर ती विकली नाही, तर ती रोज खाद्य खाते आणि तोटा वाढवीत जाते. त्यामुळे कित्येकांनी कोंबड्या फुकट वाटून टाकल्या, तर काहींनी जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरली. नवी पिल्ले टाकण्याचे अनेकांनी बंद केले. पक्ष्यांच्या खाद्याची मागणी घटल्यामुळे मक्याचा व सोयाबीनच्या पेंडीचा उठाव कमी झाला. अशा रीतीने ज्याच्या दारात एकही कोंबडी नव्हती, त्या मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यासही अफवेची झळ लागली. पुढे काही आठवड्यांनी लोकांचे भय ओसरले, तेव्हा बाजारात मालच अपुरा होता. दर चढले आणि ग्राहकासही जादा पैसे द्यावे लागले.

तेलंगणात त्या वेळी मंत्र्यांनी जाहीर व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखविली. अशा प्रात्यक्षिकाने धीर येतो हे खरे. तथापि त्याने समज वाढत नाही. हा श्वसनाचा रोग माणसापासून माणसाला होतो, कोंबडीचा त्यात संबंध नाही, हे कारण ज्याला उमगले, तो पुढच्या अफवेसही फसत नाही. ज्याने केवळ दुसऱ्यास खाताना पाहिले, त्याला पुढच्या वेळी पुन्हा कोणीतरी खाऊन दाखवावे लागते.

४. बातमी समजूत कशी घडविते

या दोन अनुभवांच्या आधारे, व त्यांना आणखी काही जोडून, चार गोष्टी सांगता येतात.

(अ) जागेवरून धोक्याचे माप काढले जाते. ज्या रोगाची बातमी रोज येते, तो मोठा रोग, असे वाचक नकळत धरून चालतो. वस्तुतः बातमी ही नव्या व अपूर्व गोष्टीची होते. रोजच्या गोष्टीची होत नाही. सर्पदंशाचे उदाहरण घ्यावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. यांतील बहुसंख्य माणसे खेड्यांतील होती आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्यात झाले. बर्ड फ्लूने भारतात दगावलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तरी बर्ड फ्लूवर किती मजकूर आला आणि सर्पदंशावर किती, याची तुलना कोणासही करता येईल. शेतकऱ्याने कोंबडी खाण्याचे सोडले, परंतु रात्री पाणी देण्यास जाताना पायांत बूट व हातात विजेरी घेण्याचे मनावर घेतले नाही. यामागे बातमीने चुकविलेले हे माप आहे.

(आ) नावावरून कारण ठरविले जाते. २००९ साली एच-१ एन-१ या इन्फ्लुएंझाची साथ जगभर आली व पुणे शहरास तिची मोठी झळ लागली. वृत्तपत्रांनी तिला ‘स्वाइन फ्लू’ म्हटले. तो रोग माणसापासून माणसाला होत होता. डुकराचे मांस खाल्ल्याने होत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलअखेरीस ते नाव वापरण्याचे सोडले, तरीही नाव लोकांच्या तोंडी बसले होते. इजिप्तमध्ये सुमारे ३ लाख डुकरे मारून टाकण्याचा आदेश निघाला. कैरो शहरातील ओला कचरा हीच डुकरे खात असत. ती गेल्यावर कचऱ्याचे ढीग साचले आणि आरोग्याचा दुसराच प्रश्न उभा राहिला. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांस प्राण्यांची, स्थळांची वा समाजांची नावे देऊ नयेत अशी सूचना केली. नाव हे अर्धे स्पष्टीकरण असते. ते चुकले की पुढील सर्व चुकते.

(इ) चित्र शब्दांपेक्षा अधिक बोलते. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात गोवंशातील लम्पी त्वचारोग आढळला व तेथून तो राज्यभर पसरला. अंगावर गाठी आलेल्या गाईंची चित्रे सर्वत्र दिसू लागली आणि दूध पिण्यास योग्य आहे की नाही, ही शंका मोबाइलवरील मजकुराने घराघरांत शिरली. हा रोग माशा, डास व गोचिडांमुळे जनावरांत पसरतो. तो माणसाला होत नाही. दूध उकळून पिण्यास हरकत नसते. ही दोन वाक्ये चित्राच्या खालीच छापली असती, तर कित्येक घरांतील मुलांचे दूध बंद झाले नसते. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, त्याच बातम्यांमुळे लसीकरणासाठी शेतकरी आपण होऊन पुढे आले आणि राज्यातील बहुतेक सर्व गोवंशास लस टोचणे शक्य झाले.

(ई) बातमी दोष कोणाला देते, त्यावरून उपाय ठरतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. काही बातम्यांचा सूर असा होता की, फवारणाऱ्याने हातमोजे व मुखपट्टी वापरली नाही, म्हणून हे घडले. असे वाचणारा म्हणतो की, चूक मजुराची. उपाय एवढाच की त्याने सावध राहावे. दुसऱ्या काही बातम्यांनी विचारले की, कोणती औषधे एकत्र मिसळण्यास कोणी सांगितले, पुरुषभर उंचीच्या कपाशीत तोंडासमोर फवारा येत असता साध्या रुमालाने काय होणार, उपचाराची सोय किती जवळ होती. असे वाचणाऱ्यास उपाय अनेक दिसतात: विक्रेत्याचा परवाना, औषधाची जात, दवाखान्यातील तयारी आणि संरक्षक साहित्य, हे सर्व त्यात येते. घटना एकच, परंतु सांगण्याच्या रीतीने वाचकाची समजूत बदलली.

५. बातमीचा उपकार

यवतमाळच्या घटनेत वृत्तपत्रांचे ऋण मान्य केले पाहिजे. फवारणीतील विषबाधा त्या वर्षीच प्रथम झाली असे नव्हे. दरवर्षी काही माणसे आजारी पडत, काही दगावत. आणि त्या त्या गावात दोन दिवस हळहळ होऊन विषय संपत असे. निरनिराळ्या गावांतील या घटना एकत्र मांडून हे एकच मोठे संकट आहे, असे २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वृत्तपत्रांनी दाखवून दिले. त्यानंतर शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि सुरक्षित फवारणीचा प्रचार व संरक्षक साहित्याचे वाटप हाती घेतले.

म्हणून बातमी ही शत्रू आहे असे समजणे मोठी चूक ठरेल. विखुरलेले दुःख एकत्र करून ते दिसेल असे मांडणे, हे काम वार्ताहरच करू शकतो. मात्र त्या दुःखावरचा आपल्या गावापुरता उपाय काय, हे सांगणे त्याच्या हाती नसते. ते काम गावातच व्हावे लागते.

६. लपविण्याचा मोह

बातमीच्या भयाचा एक परिणाम सहसा बोलला जात नाही, आणि तोच सर्वांत घातक आहे. नवापूर व त्यानंतरच्या अनुभवांवरून काही शेतकऱ्यांच्या मनाने असे घेतले की, आपल्या शेडवर मरतूक झाली हे बाहेर कळू देऊ नये. कळले तर वार्ताहर येतील, गावाचे नाव छापून येईल, भाव पडेल आणि शेजारीही दोष देतील. मग मेलेले पक्षी रात्री ओढ्यात टाकले जातात आणि जिवंत उरलेले पक्षी घाईने मिळेल त्या दराने बाजारात पाठविले जातात.

हे वर्तन माणूस म्हणून समजण्यासारखे आहे, परंतु ते कोणाच्याच हिताचे नाही. प्रथम शेतकऱ्याचे हित पाहू. बर्ड फ्लूच्या नियंत्रणासाठी जे पक्षी शासनातर्फे मारले जातात, त्यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणजे जितका उशिरा कळवावे, तितकी भरपाई कमी. दुसरे, शेजाऱ्याचे हित. ओढ्यात टाकलेला पक्षी कुत्री व कावळे दुसऱ्या वस्तीत नेतात. तिसरे, घरातील माणसांचे हित. आजारी पक्ष्यांना हाताळणारी माणसे बहुधा घरचीच असतात, आणि शेडची साफसफाई पुष्कळदा स्त्रिया व मुले करतात. रोग लपविला तर त्यांना सावध करणारे कोणी उरत नाही. ताप व खोकला आल्यावर डॉक्टरलाही खरी हकीकत सांगितली जात नाही.

याउलट वेळेवर कळविण्याचे उदाहरण परभणी जिल्ह्यातील मुरुंबा या गावी दिसले. जानेवारी २०२१ मध्ये तेथे आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्यावर नमुने तपासणीसाठी गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि सभोवतालच्या पक्ष्यांचा बंदोबस्त लागलीच करण्यात आला. बातमी त्या वेळीही सर्वत्र झाली. परंतु जे केले जात आहे ते उघडपणे व कारणासह केले जाते, तेव्हा बातमीतही संशयाऐवजी कार्यवाही दिसते.

कायदाही येथे स्पष्ट आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये अनुसूचित रोगाचा संशय येताच पशुपालकाने ती गोष्ट गावच्या अधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस कळवावयाची असते आणि तेथून ती जवळच्या पशुवैद्यकास लेखी कळवावयाची असते. राणीखेत व बर्ड फ्लू यांची बाह्य लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. तुरा निळसर पडणे, डोके सुजणे, अंडी एकाएकी घटणे, एका-दोन दिवसांत अनेक पक्षी मरणे, यांवरून कोणता रोग हे डोळ्यांनी ठरविता येत नाही. प्रयोगशाळाच ते सांगू शकते. म्हणून ‘हा साधा राणीखेत आहे’ असे स्वतःच ठरवून स्वस्थ बसू नये आणि ‘हा बर्ड फ्लू आहे’ अशी हाकाटीही करू नये. दोन्ही गोष्टी तपासणीपूर्वीच्या आहेत.

७. बातमी वाचताना विचारावयाचे पाच प्रश्न

गावातील सभेत पुढील प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत आणि आरोग्यविषयक कोणतीही बातमी आली की ती या पाच प्रश्नांवर घासून पाहावी.

(१) हे कोण सांगत आहे? पशुसंवर्धन खाते, आरोग्य खाते, कृषी विद्यापीठ, की ‘एका ओळखीच्या डॉक्टरने सांगितले’ असे सांगणारा अज्ञात मजकूर? ज्या मजकुरास नाव नाही, त्यास जबाबदारीही नाही.

(२) कोठे व केव्हा? जुनी चित्रे नव्या नावाने फिरतात. तारीख व गावाचे नाव नसेल, तर ती बातमी नव्हे.

(३) किती, आणि कितींपैकी? ‘शंभर कोंबड्या मेल्या’ हे वाक्य अपुरे आहे. दोनशेंपैकी शंभर की पन्नास हजारांपैकी शंभर, यावर सर्व अवलंबून आहे.

(४) संशय की निदान? ‘संशयित’, ‘शक्यता’, ‘अहवाल प्रतीक्षेत’ हे शब्द शोधावेत. ते असतील तर पुढील दोन-तीन दिवसांत त्याच वृत्तपत्रात निकाल काय आला, तो मुद्दाम पाहावा.

(५) मला काय करावयाचे आहे? ज्या बातमीतून करावयाची गोष्ट कळत नाही, केवळ भय कळते, ती घेऊन कार्यकर्त्याकडे किंवा दवाखान्यात जावे. ती पुढे पाठवू नये.

८. कार्यकर्त्याने काय करावे

पुणे आकाशवाणी केंद्राने १९५६ साली एक प्रयोग केला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळाने ठरलेल्या वेळी एकत्र बसून वीस कार्यक्रम ऐकावयाचे, नंतर त्यावर आपसांत चर्चा करावयाची आणि शंका केंद्राकडे पाठवावयाच्या, अशी योजना होती. जेथे मंडळे नव्हती अशा गावांशी तुलना केली असता असे आढळले की, मंडळांच्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली. जेथे केवळ रेडिओ होता, तेथे वाढ अल्पच होती. ऐकणे दोन्हीकडे होते. फरक चर्चेचा होता. साधने आता बदलली आहेत, परंतु या निष्कर्षाचे महत्त्व कमी झालेले नाही. एकट्याने पाहिलेल्या बातमीतून भय उपजते. चारचौघांत बसून जाणत्या माणसासह तपासलेल्या बातमीतून समज येते.

यावरून कार्यकर्त्याने पुढील क्रम ठेवावा.

पहिले, शांततेच्या काळात तयारी करावी. साथ आल्यावर लोक ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात. पावसाळ्यापूर्वी सर्पदंश, फवारणीपूर्वी विषबाधा आणि थंडीच्या आरंभी पक्ष्यांचे रोग, असे विषय सभेत घ्यावेत. पशुवैद्यकीय दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र व पंचायत यांचे क्रमांक पंचायतीच्या फलकावर रंगवून घ्यावेत. त्यांतच जनावरांच्या आजारासाठी असलेला १९६२ हा क्रमांकही असावा.

दुसरे, बातमी आल्या दिवशीच बोलावे. मौन पाळल्यास ती जागा अफवा घेते. माहिती अपुरी असेल तर तसेच सांगावे: आज इतके ठाऊक आहे, इतके ठाऊक नाही, अहवाल आल्यावर पुन्हा सांगू. असे सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. ‘काहीही झालेले नाही’ असे सांगून दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडणाऱ्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरे, अफवेचा उच्चार कमी व खऱ्या गोष्टीचा अधिक करावा. ‘कोंबडीने करोना होत नाही’ एवढेच वारंवार म्हटल्याने कोंबडी व करोना हे दोन शब्द मनात एकत्र बसतात. त्याऐवजी ‘हा रोग माणसाच्या श्वासातून पसरतो’ असे कारण प्रथम सांगावे.

चौथे, ज्याच्या शेडवर रोग आला त्याची बाजू घ्यावी. त्याचे नाव सभेत उगाच घेऊ नये, त्याला दोष देऊ नये. पंचनामा व भरपाईचे कागद पुरे करण्यास त्याला हातभार लावावा. एकास न्याय मिळाला असे दिसले, तर दुसरा आपण होऊन कळवील.

पाचवे, वार्ताहर आल्यास त्याला टाळू नये. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याशी त्याची गाठ घालून द्यावी आणि संख्या, तारीख व उपाय या तिन्ही गोष्टी त्याला बरोबर मिळतील असे पाहावे. अधिकृत माहिती मिळाली नाही, तर तो मिळेल ती माहिती छापतो. मग तक्रार करून उपयोग नसतो.

९. सारांश

रोगाचा धोका आणि रोगाच्या बातमीचा आकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नवापुरात रोग खरा होता, परंतु भय चुकीच्या जागी गेले. २०२० मध्ये कोंबड्यांत रोग नव्हता, तरी धंदा बुडाला. यवतमाळात संकट जुने होते. बातमीने ते उजेडात आणले. सर्पदंशाने दरवर्षी हजारो माणसे दगावतात, आणि त्याची बातमी होत नाही म्हणून आपण सावध होत नाही. या सर्वांतून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध असा की, बातमी ऐकून पळू नये आणि बातमीच्या भयाने लपवू नये. तपासावे, विचारावे आणि वेळेवर कळवावे. कार्यकर्त्याने घ्यावयाचा बोध असा की, बातमीचे समजुतीत रूपांतर गावातील चर्चेने होते, आणि ती चर्चा घडवून आणणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षभरात आरोग्याविषयी कोणत्या बातम्यांची सर्वांत अधिक चर्चा झाली? त्याच काळात गावातील माणसे व जनावरे प्रत्यक्षात कोणत्या कारणांनी आजारी पडली किंवा दगावली? दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून तुलना करावी.

२. उद्या सकाळी एखाद्या शेडवर पन्नास पक्षी मेलेले आढळले, तर प्रथम कोणास कळवावे? मेलेल्या पक्ष्यांना कोणी हात लावावा व कोणी लावू नये?

३. कोणत्याही एका वृत्तपत्रातील आरोग्यविषयक बातमी घेऊन ती वरील पाच प्रश्नांवर तपासावी. कोणत्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडले नाही, आणि ते कोणाकडून मिळविता येईल?

४. ज्याच्या शेडवर रोग आला आहे अशा शेतकऱ्याने ती गोष्ट न लपविता कळवावी, यासाठी शेजाऱ्यांनी त्याच्याशी कसे वागावे?